रिकाम्या गाडीचं ओझं

बॅटरीची पिकअप घेतल्यापासून मला एक खोडच लागली आहे. रस्त्यावर एक डोळा आणि समोरच्या आकड्यावर दुसरा. इस्लापूरच्या आसपास लग्नकार्याला पाण्याचे जार पोचवते मी, स्वतः गाडी चालवून. जार भरलेले असले की चढाला बॅटरी भराभर उतरते. गाडी रिकामी असली की तोच आकडा आरामात रेंगाळतो. शिवाय इंजिनाची घरघर नाही. मागं एखादा जार नुसता कलंडला तरी पुढं ऐकू येतं.

त्या दिवशी लाइन दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज नव्हती. माघातली थंडी होती. सगळे जार उतरवून दिवेलागणीला घरी आले तेव्हा बॅटरी निम्म्याच्याही खाली गेलेली. लाइट आली की चार्जिंगला लावू म्हणून गाडी दारात उभी करत होते, तोच आतून सासूबाईंची हाक आली.

माझी धाकटी जाऊ बबिता भिंतीला धरून उभी होती. चेहरा घामानं डबडबलेला. दिवस भरायला अजून अवकाश होता आणि कळा सुरू झाल्या होत्या. घरातले पुरुष जळकोटला लग्नाला गेलेले. फोन केला तर अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेली होती.

"माले, तुझी गाडी हाय की," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव नागाबाई, मी त्यांना आत्या म्हणते.

"बॅटरी कमी हाय, आत्या. पण रिकाम्या गाडीनं किनवटपर्यंत जाऊ."

बबिताला मधे घेतलं, तिला धरून आत्या दाराशी बसल्या. तिघी दाटीवाटीनं निघालो.

जंगल लागलं तसं धुकं उतरलं. दोन्ही बाजूंनी सागाची झाडं, ओल्या पाचोळ्याचा वास, आणि दिव्यांच्या उजेडात हातभर रस्ता. चढाच्या पायथ्याशी एसटीचा जुना निवारा आहे. छप्पर उडालेला, कुणी थांबत नाही तिथं. त्याच्यापुढं रस्ता खचलाय म्हणून मी वेग अगदी कमी केला.

आणि गाडी मागून दबली.

एकदा. मग परत. मग परत. माणसं फाळक्याला धरून एकामागून एक चढावीत, तशी.

खड्डा असेल, म्हटलं. पण खड्डा मागं पडला तरी गाडी उचलेना. मोटर कण्हल्यासारखी घूं घूं करायला लागली. आकडा उतरू लागला, भरल्या गाडीचा उतरतो तसा. त्याहून जोरात.

थांबले. खाली उतरून मागं टॉर्च मारला. हौदा रिकामा. ओली ताडपत्री तेवढी कोपऱ्यात. पण चाकांवरचे लोखंडी पाटे ओझ्यानं पार बसले होते आणि मागची दोन्ही चाकं दबून पसरलेली.

मी धावत येऊन दार ओढून घेतलं.

"आत्या... मागं कुणी न्हाई... पण..."

"हाव. ठाऊक हाय." त्यांनी बबिताच्या कपाळावरचा हात काढला नाही. "बायाच हायेत. त्या निवाऱ्यात गाडीची वाट बघत बाळंतपणात गेलेल्या. बांगड्या ऐकू यून न्हाई राहिल्या का तुला?"

मग मलाही ऐकू आल्या. अगदी हळू... काचेच्या बांगड्या. आणि कुणीतरी घसा साफ केल्याचा आवाज.

आत्यांनी मागच्या काचेकडं तोंड केलं. "बसा मायांनो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "बसा. पर लेकरू अडलंय आमचं. वाट आडवू नका."

मागच्या बांगड्या थांबल्या.

चढ संपता संपेना. समोर कासवाचं चित्र पेटलं, म्हणजे गाडी आता रांगणार. बबितानं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "अक्का... हितंच हुतंय की काय..." मी ॲक्सिलरेटर तसाच दाबून धरला. आकडा संपायला आला तेव्हा कशीबशी माथ्यावर पोचलो, आणि तोंड उताराकडं झालं.

आता ऐका. उताराला ही गाडी चाकांच्या जोरावर बॅटरी भरून घेते. एरवी रिकाम्या गाडीला तिथं नावापुरतं मिळतं. त्या संध्याकाळी आकडा चढत गेला. मी बघत राहिले आणि तो चढतच गेला, गाडीत दगड भरून उतरावं तसा. कासव विझलं. मागचं ओझं आम्हाला ढकलत नव्हतं, अलगद धरून खाली नेत होतं असं वाटलं. मागून हलकंसं गुणगुणणं यायला लागलं, एका सुरात, पुष्कळ गळ्यांचं. बबिताची पकड सैल झाली. तिनं डोळे मिटले.

किनवटच्या दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबवली तेव्हा आत घ्यायला समीक्षा नावाची सिस्टर धावत आली. बबिताला आत नेलं आणि माझ्या पाठीमागं गाडी हलली. एकदा वर उचलली. मग परत. मग परत. मी वळले नाही.

थोड्याच वेळात आतून रडणं ऐकू आलं. मुलगी. बाळंतीण सुखरूप. मी व्हरांड्यात मटकन बसले आणि हसता हसता रडले. आत्या पदरानं माझं तोंड पुसत राहिल्या. बाहेर गाडीचे पाटे सरळ झाले होते. चहा इतका गोड मला आजवर लागलेला नाही.

सकाळी समीक्षा सिस्टर जरा रागातच आली. "बाळाला काजळ कुणी लावलं? आम्ही चालू देत नाही हे."

दुपट्यातून इवलासा पाय बाहेर आला होता. उजव्या तळपायावर काजळाचा ठिपका, ओला, बोटाची रेघ उमटलेला. आमच्यातल्या कुणीच लावला नव्हता. काजळ होतंच कुणाकडं?

मी पाणी लावून तो पुसून काढला. आत्या नको नको म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे दुपटं उघडलं. ठिपका डाव्या तळपायावर होता.