एमेटचं नाव पुसलं तेव्हा

पटलं नाही तर सोडून द्या. माझा डावा खांदा अजून वर जात नाही, मला तेवढा पुरावा पुरे.

मंगळवार. सकाळचे साडेदहा. कॅनडातल्या हॅमिल्टनमधला जुना पोलाद कारखाना पाडायचं काम चालू होतं.

मी विमा कंपनीत आहे. दोन बांधकाम कंपन्यांपैकी कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये चोर सहज घुसेल ते तपासून गुण द्यायचे होते. पहिलीला आदल्या दिवशी दहापैकी नऊ दिले. तिथली यंत्रं चालू करणाऱ्यांच्या यादीतून, आता कामावर नसलेल्यांची अकरा नावं मी स्वतः पुसली होती.

हा कारखाना पाडणाऱ्या दुसरीला चार.

का? तर भिंती फोडायचं रिमोटचं यंत्र सगळे एकाच नावाने चालू करायचे. एमेट. पासवर्ड खिळ्याला टांगलेल्या त्याच्या हेल्मेटमध्ये लिहिलेला. आणि एमेट, त्यांचाच कामगार, दोन वर्षांपूर्वी त्याच यंत्राखाली चिरडून मेलेला.

नाव पुसा, नाहीतर विमा नाही, मी सांगितलं. विमा नाही म्हणजे साठ माणसं घरी.

साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये मुकादम लॉर्नने कॉफी खाली ठेवली.

"ग्वेन, त्याच्या नावाने ते गुमान चालतं. राहू दे ना."

"भुताचा रकाना नाही माझ्या फॉर्ममध्ये."

तो हसला नाही. त्या साठ जणांसाठी त्याने मान हलवली.

मी टॅबलेटवरून नाव पुसलं.

केबिनच्या भिंतीवर बाहेरून... ठक.

लॉर्नने टेबलाखाली पाहिलं. यंत्राची बॅटरी तिथेच चार्जिंगला होती.

ठक...

ठक...

पत्रा फाटला. यंत्राचा लोखंडी हात आत घुसला. लॉर्नने मला ढकललं. मी कपाटावर आदळले, खांदा मोडला. त्या हाताने लॉर्नला छातीत गाठून भिंतीला दाबलं आणि तो हात ठोकत राहिला. फासळ्या मोडताना मी ऐकल्या. त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं. तो ओरडायचा थांबला, तरी हात थांबेना.

मी रक्ताळलेल्या बोटांनी टॅबलेटवर पुन्हा लिहिलं, एमेट.

हात थांबला.

बॅटरी पोलिसांना टेबलाखालीच सापडली.

माझ्या शहाणपणाने लॉर्न गेला. हे मला कुणी सांगायला नको.

पहिल्या कंपनीला विचारलं, त्या अकरांत कुणी मेलेलं होतं का? दोघं, म्हणाले. नावं परत टाका म्हणून मी अक्षरशः पाया पडले. गुण कमी होतील म्हणून त्यांनी नाही टाकली.

तिथल्या मुकादमाला मी रोज फोन करते. तो कंटाळलाय. आज म्हणाला, "सगळं ठीक आहे, ग्वेन. भिंतीवर कुणीतरी ठोकतंय, तेवढं बघून येतो."

फोन अजून चालू आहे. तो परत आलेला नाही.