ताई स्टँडवर न्यायला आली होती

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्यासोबत घडलंय, आणि मी खोटं बोलणाऱ्यांतला नाही. एकदाच बोललो. तेच सांगतोय.

गेल्या वर्षीचा श्रावण. मंगळवार, दुपारचे तीन. आटपाडीहून एसटीनं सोलापूरला उतरलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

दिपाताईनं पळून जाऊन इथं लग्न केलं, तेव्हापासून अकरा वर्षं आमच्या घरात या शहराचं नाव निघत नव्हतं. उन्हाळ्यात आमचे वडील, आण्णा, वारले. मग आईनं ताईला फोन केला, आणि साडी देऊन मला पाठवलं. माझा फोन वाटेतच बंद पडला होता.

आभाळ गच्च भरलेलं. पाऊस नाही, ऊनही नाही. कुणाचीच सावली पडत नव्हती...

ताई स्टँडवरच उभी होती.

"लई दमलास व्हय रं धना?"

वाळली होती. मी पिशवी पुढं केली. तिनं हात मागं घेतला.

"घरी दे. समद्यांसमोर."

चालत निघालो. चादरींची दुकानं, मग अरुंद बोळ. घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट. मला ओरडून बोलावं लागत होतं. ताई मात्र हळू बोलायची, तरी नीट ऐकू यायचं...

तिच्या गल्लीत शिरलो आणि खडखडाट थांबला.

एकही माग चालू नव्हता.

"आज सुट्टी हाय का?"

"बंद ठेवल्यात."

थोडं चालून तिनं विचारलं, "आण्णांनी जाताना माझं नाव काढलं का रं?"

काढलं होतं. शेवटचे दोन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. "दिपा आली का?" एवढंच.

पण अकरा वर्षांचा राग पोटात होता. तिच्यापायी आईनं काय काय ऐकून घेतलं, ते मी पाहिलं होतं.

म्हणालो, "न्हाय."

ती पुढं झाली. मान खाली घालून कोपऱ्यावर वळली. मी मागोमाग वळलो, तर...

ताई नव्हती.

पुढं एका दारात माणसं जमलेली. तिची सासू बसव्वा मला धरून रडायला लागली.

"तूच भाऊ नव्हं? सकाळी तू घरनं निघाल्यावर गेली रं. छातीत कळ आली. तुझा फोन लागंना. सवाष्ण बाई, माहेरची साडी नेसवल्याबिगर कशी न्यायची? म्हणून थांबलोय."

आत ताई निजवलेली होती.

बायकांनी आडोसा धरून आईची साडी नेसवली. मग मी वाकून तिच्या कानात खरं ते सांगितलं. दोनदा सांगितलं. रडत सांगितलं.

पण ताई मला बाहेर भेटली होती. कोपऱ्यावर वळली ती घरात आली की नाही, मला माहीत नाही. त्या खोलीत माझं ऐकायला कुणी होतं का, तेही माहीत नाही.