मंजूर यादीवरचा अंगठा

बसा रे, आणि मधे बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नव्हे, आपल्या गावच्या सोमाजीच्या जावयानं, खुशालनं, स्वतः भोगलेली आहे. गाव सानगडीच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात.

मागच्या नोव्हेंबरची अठ्ठावीस तारीख, शुक्रवार. दिवसभर लाइन नव्हती, म्हणून मच्छीमार संस्थेचा ऑपरेटर खुशाल रात्री आठला ऑफिस उघडून बसला. काम एवढंसंच. तलावात जाळं टाकायचा हक्क कोणाकोणाला, त्याची मंजूर यादी तपासून तालुक्याला पाठवायची. यादी एकदा मंजूर झाली की कॉम्प्युटरात कुलूपबंद. नंतर कोणी नाव हलवलं तर तपासणीत ती ओळ लाल होते, अन् मशीनवर कोणाचा अंगठा टेकवून हलवलं तेही दिसतं.

लाल ओळ कुठली निघणार, हे खुशालला पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्यानंच बायाबाईचं नाव काढून अध्यक्षांच्या पुतण्याचं घातलं होतं.

"लाल आली त टायपिंगची चूक होती म्हणून लिहून दे," अध्यक्ष भैयाजी म्हणाले होते. "नाही त तुही नोकरी कशी रायते, मी पायतो."

नोकरी कंत्राटी. खुशालनं मान डोलावली, पण ती रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

बायाबाईला त्या तलावाशिवाय दुसरा आधार नव्हता. तिचा नवरा तुलाराम संस्थेचा सचिव होता. डोळे अधू झाले तेव्हा आपल्या जागी बायकोचं नाव लावून, अंगठा देऊन, त्यानंच ती यादी मंजूर केली. आठ दिवसांनी हट्टानं जाळं घेऊन गेला. संध्याकाळी त्याचं प्रेतच वर आलं.

खुशालनं तपासणी लावली.

'बदल नाही.'

यादीत बायाबाई होती, जशीच्या तशी. काल सेव्ह झालं नसेल, असं त्याला वाटलं. पुन्हा नाव बदललं. अंगठा दिला. यादी बंद केली, उघडली.

बायाबाई.

तलावाकडून पाण्याचा आवाज आला. कोणी जाळं ओढावं तसा... मग तोही थांबला.

त्यानं बदलांची नोंद उघडली. शेवटच्या दोन ओळी: आठ बारा, बदल, खुशाल. आठ तेरा, बदल रद्द...

तुलाराम.

"तुलारामभाऊ..."

अंगठ्याच्या मशीनचा हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला...

खुशालनं आपला अंगठा मुठीत दाबला. यादी होती तशी पाठवली, अन् दार उघडं टाकून पळाला.

सकाळी तो आला तर बायाबाई ऑफिसात उभी.

"माहं नाव हाये ना, बाबू?"

"हाये, काकू." त्याला तिच्याकडे बघवेना. लाज लपवायला त्यानं फडकं उचललं, मशीनची काच पुसू लागला. काच ओली होती. तिच्यावर अंगठ्याचा ठसा, मधोमध आडवी भेग पडलेला.

बायाबाईनं त्याचा हात धरला.

"पुसू नोको," ती म्हणाली. "जाळ्याच्या दोरीनं चिरला होता तो. बारा वर्सं मीनंच तेल लावलं त्याले."