तिसऱ्या क्रमांकाचे गाव

जे दार उघडायचे ते उघडेना आणि जी सर थांबायची ती थांबेना, अशा दुहेरी अडचणीत त्या दोघांची पहिली भेट झाली.

ती वळचणीखालच्या पायरीवर छत्री मिटून उभी होती. तो कुलुपाशी वाकून जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहत होता. खरे तर घर दाखवायला त्याचे काका यायचे होते. विकाऊ घरे दाखवण्याचा व्यवसाय मूळचा त्यांचा. पण त्याच सकाळी त्यांची कंबर धरली, आणि पुतण्याला धावत यावे लागले. धावण्याच्या गडबडीत त्याने भलताच जुडगा उचलला होता.

"रोज असंच होतं का?" तिने विचारले.

"रोज नाही. रोज कोणी असं टक लावून बघत नसतं."

"मी दाराकडे बघत होते."

"दार इकडे आहे... माझ्या उजव्या हाताला."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण माघार घेणे तिच्या स्वभावात नव्हते. तुमचा पुढचा एक दात शेजारच्यावर रेलला आहे, तो मी पाहत होते, माझे कामच ते आहे, असे तिने शांतपणे सांगितले. दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करीत असे.

"मग तेवढा सरळ करून द्या की."

"मी फक्त कवळ्या करते. माझ्याकडे यायचं तर आधी सगळे पाडून या."

तो हसला, आणि तो रेललेला दात तिला आणखी स्पष्ट दिसला. दिवसभर सारख्या आकाराचे, ओळीत शिस्तीने उभे राहणारे दात घडवणाऱ्या त्या मुलीला त्या क्षणी वाटून गेले की, हा एक आहे तसाच राहावा.

तिचे वडील वजनमापे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली, आणि बदलीच्या प्रत्येक हुकुमासरशी बिऱ्हाड बांधण्यात आईची. निवृत्तीनंतर कायमचे कोठे राहावे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा एका वृत्तपत्राची रविवारची पुरवणी हाती आली. राज्यातील लोकांना राहावयास सर्वाधिक आवडणारी गावे कोणती, याचा कौल तिच्यात छापला होता. पहिले आले समुद्राकाठचे गाव. थोरली लेक तेथेच दिलेली होती. लेकीच्या दारात राहिले की माणूस घरचा राहत नाही आणि पाहुणाही होत नाही, म्हणून वडिलांनी ते बाजूला ठेवले. दुसऱ्या क्रमांकाचे गाव डोंगरावरचे. तेथील थंडी त्यांच्या गुडघ्यांना मानवणारी नव्हती. उरले हे तिसरे. ज्याने कौल घेतला त्याचे माप कोणी तपासले होते, असा त्यांचा व्यावसायिक संशय होताच. म्हणून आधी भाड्याच्या दोन खोल्यांत राहून पाहायचे ठरले, आणि त्यांचे गुडघे जिने चढू देत नसल्याने घर शोधण्याचे काम धाकटीकडे आले.

प्रयोगशाळा सुटली की ती त्याच्या काकांच्या कचेरीपाशी जाई आणि तेथून दोघे निघत. एकेक बंद घर उघडले जाई. कोंडलेल्या हवेचा, जुन्या चुन्याचा वास बाहेर येई. तो खिडक्या ढकलून उघडी, आणि संध्याकाळचा उजेड फरशीवर पसरत दोघांच्या पावलांपर्यंत येऊन थांबे. जाता-येता तो गाव दाखवी. हे आमचे वाचनालय, छप्पर गळते पण ग्रंथपाल गोड बोलतात. हा उतार, येथे ब्रेक नसलेली सायकलही आपण होऊन थांबते, कारण पुढे पोलीस चौकी आहे. ती हसे. मग एके दिवशी तिच्या ध्यानात आले की, या गावातल्या गल्ल्या तिला नावानिशी ठाऊक झाल्या आहेत. पूर्वीच्या कोणत्याही गावी असे झाले नव्हते. जे सोडूनच जायचे ते पाठ कशाला करायचे?

आणि मग ते घर आले. पूर्वेला मोठी खिडकी, आईला हवा तसा लांब ओटा, बाबांसाठी तळमजल्यावरच निजायची खोली. तिच्या ओठांवर होकार आलाच होता. एवढ्यात तो खिडकीची कडी लावता लावता, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "मग... झालं म्हणायचं आपलं काम?"

त्या शब्दांसरशी ओठांवरचा होकार तिने मागे घेतला.

"न्हाणीघर जरा अंधारं वाटतं," ती म्हणाली.

त्याने लगेच मान डोलावली. हो, अंधारे आहेच. इतक्या तत्परतेने आपल्याच मालाला नावे ठेवणारा विक्रेता तिने पाहिला नव्हता. परंतु त्या क्षणी तिला त्याचा अर्थ उमगला नाही.

त्यानंतर तिची जीभ सैल सुटली. एका घराचा जिना उभा होता, एकाला ऊन लागत नव्हते, एकाला फारच लागत होते. एका घराचा शेजारी कर्णा वाजवायला शिकत होता. तो कर्णा तिने स्वतः ऐकला नव्हता, पण जेवताना आईबाबांना मात्र त्याचे सूर वर्णन करून सांगितले.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. पण ते भलत्या दिशेला चालू शकते. एका रात्री बाबांनी हात धुतला, मेजावर बोटे टेकली आणि शांतपणे निकाल दिला. ज्या गावात एक धड घर मिळत नाही ते तिसरे आलेच कसे? म्हणजे मापातच खोट होती. लेकीचे दार तर लेकीचे दार; उद्या जावईबापूंना कळवून समुद्राकाठी घर पक्के करायचे, आणि महिनाअखेर निघायचे.

धाकटी अर्धे ताट टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली आणि उभ्याउभ्याच बाबांचा निकाल सांगून मोकळी झाली. त्याने जुडग्यातून एक किल्ली सोडवली. मग म्हणाला, "तळ्याच्या बाजूला एक घर आहे. आतापर्यंत दाखवलेल्या सगळ्यांपेक्षा चांगलं. मी ते... दाखवलंच नाही तुम्हाला."

"का?"

"दाखवलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी हो म्हणाला असता. मग दुसऱ्या दिवशी मी कोणाची वाट बघायची?"

ती खुर्चीवर बसली. हसावे की रडावे ते कळेना. अखेर खाली पाहत म्हणाली, "त्या न्हाणीघरात चांगला उजेड होता."

"ठाऊक आहे मला. ते रंगवून घेताना मीच उभा होतो तिथे."

त्याच संध्याकाळी दोघे तिच्या घरी गेले. तिने त्याला येऊ नका म्हणून सांगितले होते. त्याने ऐकले नाही. बाबांसमोर आधी तो बोलला, मग ती. चांगले घर त्याने लपवले, आणि चांगल्यांना तिने नावे ठेवली. कर्ण्याचाही उलगडा झाला. आईने पदर तोंडाला लावला; ती हसत होती.

बाबा हसले नाहीत. तराजूखाली अंगठा धरणारे दुकानदार मी शेकड्यांनी पकडले, असे ते म्हणाले, पण दोघांनी मिळून दोन्ही पारड्यांखाली अंगठा धरलेला प्रथमच पाहतो आहे. त्याने मान खाली घातली. मग बाबांची दृष्टी लेकीवर स्थिरावली, आणि स्वर बदलला.

"वर्तमानपत्रानं हजारो लोकांना विचारलं, कोणतं गाव आवडतं म्हणून. मी बदलीमागून बदली घेतली, तुझी शाळा तोडली, मैत्रिणी तोडल्या... आणि घरातल्या एका लेकीला कधी विचारलं नाही. आज विचारतो. तुला कुठं राहायचंय, बाळ?"

आयुष्यात प्रथमच कोणी तिला हे विचारत होते. उत्तर तिला शोधावे लागले नाही.

"इथं, बाबा."

आईने तेवढ्यात थोरलीची समजूत घालण्याचे काम आपल्याकडे घेतले. समुद्र काही आटत नाही, ती म्हणाली, वर्षातून दोनदा जाऊन पाहू.

तळ्याजवळचे ते घर पाहायला सारे मिळून गेले. आई स्वयंपाकघरात कपाटे उघडून पाहू लागली. बाबा गुडघा सांभाळत आतल्या खोलीत शिरले आणि तज्ज्ञाच्या गांभीर्याने भिंतीवर बोटांची पेरे वाजवू लागले. पुढच्या खोलीत ती दोघेच उरली. खिडकीबाहेर तळ्यावर बारीक थेंब पडत होते. पाण्यावर वर्तुळे उमटत आणि एकमेकांत मिसळून जात.

"कसं वाटलं?" त्याने विचारले. आज त्याच्या आवाजात धाकधूक होती.

"छान आहे. पण..."

"आता आणखी काय?"

"एक उणीव आहे." तिने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले. "घर दाखवून झालं की तुम्ही निघून जाता."

तिच्या बोटाशेजारी, चौकटीवर, त्याचा हात हलकेच येऊन टेकला. मग तो म्हणाला, "ही उणीव दूर करता येईल... पण त्यासाठी तुमच्या बाबांशी बोलावं लागेल."

आतल्या खोलीतले भिंत वाजवणे थांबले.

"बोलायची गरज नाही," आतून बाबा म्हणाले. "सगळं ऐकू आलं. भिंती पातळ आहेत; हा दोष मात्र खरा आहे."