त्याच्या हातच्या चिठ्ठ्या

चिठ्ठ्या उचलायला तिला कुणीतरी तिऱ्हाईत हवा होता. दवाखान्याच्या दारात एक उंच तरुण पाऊस चुकवत उभा होता — तिने त्यालाच हाक मारली.

"डोळे मिटून पाच उचला."

"माझं नशीब आहे का यात?"

"घरांचे नंबर आहेत. हा दवाखाना कळवतो, की दर महिन्याला घरी जाऊन रुग्णांची साखर तपासली. खरंच तपासली का, ते या पाच घरांत जाऊन मी बघणार."

पाचवी चिठ्ठी तिच्या हातात देत तो हसला. "घरोघर जाणारा तो मीच."

तिने जीभ चावली. ज्याची तपासणी, त्याला चिठ्ठ्या दिसता कामा नयेत. पुन्हा काढायला हव्या होत्या... पण त्या हसण्यात ती अशी काही अडकली, की "असू दे" म्हणून बसली.

पुढे दर खेपेला चिठ्ठ्या तोच उचलू लागला. मग चहा, गप्पा, आणि दुसऱ्या दिवशी त्या पाच घरांत तिची फेरी. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. एकदा रस्ता ओलांडताना त्याने तिचा हात धरला आणि पलीकडे पोचल्यावर सोडायचं विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही. आणि घरं? सगळीकडे एकच उत्तर — "हो, तपासून गेले की." माणूस कामाला वाघ आहे, असं ती आईला कौतुकाने सांगायची.

एका खेपेला तो रजेवर होता. तिने एकटीनेच चिठ्ठ्या काढल्या. तिसऱ्या घरात एक आजी पलंगावर पडून होत्या. दवाखान्याने त्यांची साखर दर महिन्याला आटोक्यात दाखवली होती. पायाचा अंगठा मात्र काळा पडला होता.

"तपासायला कुणी येतं का, आजी?"

"वाट बघते गं. वर्षभर कुणी फिरकलं नाही."

तो परतल्यावर तिने एवढंच सांगितलं — आजींचा पाय कापावा लागणार. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"चारशे घरं, मी एकटा. चिठ्ठीत निघायची तिथे त्याच संध्याकाळी धावायचो. बाकीचे आकडे... अंदाजाने भरायचो."

"म्हणजे मीही चिठ्ठ्यांपुरतीच?"

"नाही गं. तू खरी होतीस."

तिचा विश्वास बसला, म्हणूनच जास्त लागलं. जीव अजूनही त्याच्यातच गुंतला होता.

"अहवालात काय लिहिशील?"

"आहे ते. तुझंही, आणि तुला चिठ्ठ्या दिल्या ते माझंही."

मग तो चाचरत म्हणाला, "आजींना भेटायला तरी... तुझ्यासोबत येऊ?"

तिला हो म्हणायचं होतं.

"जा तू. रोज जा. पण एकटा जा," ती म्हणाली, आणि तो दिसेनासा झाल्यावर तिथेच बसून रडली.