दुपारचा आवाज

"अमिताताई, आवाज माझाच आहे. पण मी हे बोललेच नाहीये!"

फोनवर अनुया हमसून रडत होती. अमिताच्या एका हातात नाचणीच्या सत्त्वाची वाटी, कडेवर चिमी आणि फोन कान नि खांद्याच्या बेचक्यात.

"आधी डोळे पूस. काय झालं ते नीट सांग."

अनुया प्रताप नगरात तान्ह्या बाळांचे कपडे शिवून विकायची. जवळच्या बगरू गावचं हातानं छापलेलं मऊ सुती कापड, त्याची झबली, टोपरी, दुपटी. धंद्याचं नावच 'टोपरं'. जयपूरभरच्या आया तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत. आज सकाळी त्याच आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका अनोळखी नंबरावरून ऑडिओ क्लिप येऊन पडली होती आणि दुपार व्हायच्या आत ती घरोघरी पोचली होती.

"येते मी," अमिता म्हणाली.

अमिता पुण्याला सायबर शाखेत हवालदार होती. नवरा हणमंत फौजेत. त्याची जयपूरला बदली झाली, मागोमाग चिमी झाली आणि अमिताची रजा लांबतच गेली. पोर सांभाळून धंदा उभा करणाऱ्या अनुयाचा तिला हेवा वाटे. 'टोपरं'चा नवा फोटो दिसला की लाइक करायला निघालेला अंगठा क्षणभर अडायचा. आज बातमी ऐकतानाही मनात कुठेतरी बारीकसं बरं वाटलं होतं. मग त्याची लाज वाटली. चिमीला तसंच खांद्यावर टाकून ती निघाली.

दार तनयानं उघडलं. तिच्या कडेवर अनुयाचा अभी होता. तनया विमा कंपनीत अधिकारी, अनुयाची जिवाभावाची मैत्रीण. बातमी कळताच अर्धी रजा टाकून आली होती. आलं कुठल्या टोपलीत आणि साखर कुठल्या डब्यात, सगळं तिला ठाऊक. चहा टाकून तिनंच अनुयाला बळेबळे दोन बिस्किटं खायला लावली.

"लाव क्लिप," अमिता म्हणाली.

"मनीषाजी को कपड़े का... क्या पता। बगरू का नाम लो... और मिल का माल दे दो। ये मम्मियाँ... हाथ लगाकर थोड़ी पहचानती हैं।"

आवाज हुबेहूब अनुयाचा. अमितानं पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. बोलणं विषारी, पण आवाज कुठे चढलेला नाही. जरा थांबून, जरा थांबून शब्द येत होते. मघापासून किरकिरणारी चिमी ऐकता ऐकता खांद्यावर झोपूनही गेली.

"ही बघा, हिला शिव्यांचीच अंगाई लागते वाटतं!" तनया हसली. कुणीच हसलं नाही.

"मनीषा कोण?"

"मालवीय नगरात तिचं लहान मुलांच्या कपड्यांचं मोठं दुकान आहे," अनुया म्हणाली. "उद्यापासून तिथे 'टोपरं'चं काउंटर उघडणार होतं. आता म्हणते, संध्याकाळपर्यंत खरंखोटं कर, नाहीतर तुझा माल उचल. ताई, हे गेलं तर सगळंच गेलं. जिनं एकदा तोंड फिरवलं, ती आई पुन्हा माझं झबलं बाळाच्या अंगाला लावेल का?"

"काउंटरचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला, माझ्या नवऱ्याला म्हणजे अनिमेषला, आणि हिला. जाहीर तर उद्या करायचं होतं."

"मला तर सगळं ठरल्यावर कळलं," तनया चहा गाळत म्हणाली. "पूर्वी बाईसाहेब सुईदोऱ्याचा रंगसुद्धा मला विचारून घ्यायच्या."

"असं काय गं," अनुया पुटपुटली.

अभी डोळे चोळू लागला होता. "झोपेला आलाय," अमिता म्हणाली. "पाळण्यात झोपतो?"

"झोपायचा. दात यायला लागल्यापासून थोपटल्याशिवाय डोळा मिटत नाही. दुपारी हात अगदी भरून येतो. तेवढ्यात आईशी बोलून घेते, हिच्याशी बोलून घेते."

"आमच्या ऑफिसात फोन उचललेला साहेबांना खपत नाही," तनया म्हणाली. "म्हणून ही मेसेज बोलून ठेवते. डबा खाताना मी तेच ऐकते. दुसरं आहे काय त्या डब्यात!"

"कुणावर संशय?" अमितानं विचारलं.

"संकल्प!" तनया ताडकन बोलली. "हिचे व्हिडिओ काढायचा. हिनं काढून टाकला त्याला. हिचा ढीगभर आवाज त्याच्याकडे पडलाय."

संकल्पची खोली मालवीय नगरात, एका कोचिंग क्लासच्या वर होती. बँकेतल्या मराठी अधिकाऱ्याचा मुलगा, जन्म इथलाच. अमितानं त्याला क्लिप ऐकवली.

"मला राग आहे, ताई. मतलब, खूप राग आहे," त्यानं कबूलच करून टाकलं. "तिचं नाव झालं, आणि मी? व्हिडिओच्या खाली माझं नावपण नाही."

"म्हणून मशीनकडून तिच्या आवाजात हे बोलवून घेतलंस?"

"नाही हो! आणि ही मनीषाजी कोण आहे?"

अमिता त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. पोरगा खोटं बोलताना कान लाल होणाऱ्यातला वाटत होता, आणि कान तर होते तसेच सावळे होते.

"तिचे व्हिडिओ लाव."

एकामागून एक व्हिडिओ सुरू झाले. "नमस्ते मम्मीज!" अनुया बाजारात भाजी विकावी तशी ओरडत होती. एका दमात पाच वाक्यं. चिमी दचकून जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं.

"बघा ना, किती चिल्लाती है," संकल्प म्हणाला. "मी रोज सांगायचो, दीदी, धीरे."

खाली येऊन अमिता सिटी बसची वाट बघत उभी राहिली. रडून दमलेली चिमी चुळबुळत होती. अमिताचा हात आपसूक तिच्या पाठीवर पडू लागला. थाप, थाप. आणि मधेच तो हात थांबला.

तिनं अनुयाला फोन लावला. "आईलाही तू मेसेज बोलून पाठवतेस?"

"छे! तिला ते उघडताच येत नाहीत. तिला फोनच करते."

"तनयाला घेऊन मनीषाच्या दुकानात ये. आत्ता."

दुकानाच्या एका कोपऱ्यात 'टोपरं'ची पाटी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. मनीषा हाताची घडी घालून उभी. "बोलिए," ती म्हणाली. "मेरे ग्राहक सुबह से पूछ रहे हैं।"

अमिता हिंदीतच बोलू लागली. चिमी खांद्यावर होतीच.

"हल्ली कुणाच्याही आवाजाचे नमुने मशीनला दिले की ते त्या आवाजात काहीही बोलून दाखवतं. पण नुसता आवाज उचलत नाही. नमुन्यात माणूस ज्या सुरात, जिथे थांबत बोललेला असतो, तेही उचलतं. ही क्लिप ऐका."

तिनं क्लिप लावली आणि आवाजाबरोबर चिमीच्या पाठीवर हळू थाप देऊ लागली. मनीषाजी को कपड़े का. थाप. क्या पता. थाप. प्रत्येक थांबा बरोबर थापेवर येत होता.

मनीषाच्या हाताची घडी सुटली. तीही आई होती.

"ये तो बच्चे को सुला रही है!"

"हो. हा दुपारचा आवाज आहे. बाळ जागं होऊ नये म्हणून दाबलेला, थोपटत बोललेला. संकल्पकडच्या व्हिडिओंत अनुया ओरडते. त्यातून मशीननं ओरडणारी अनुया बनवली असती. शिवाय मनीषाजी कोण, हे त्याला माहीतच नव्हतं. काउंटर अजून जाहीर व्हायचं होतं." ती जरा थांबली. "आता उरतं कोण? आईशी अनुया फोनवर बोलते, ते कुठे साठत नाही. अनिमेष रोज संध्याकाळी घरीच भेटतो, त्याला कशाला मेसेज बोलून ठेवेल? थोपटता थोपटता बोललेले मेसेज एकाच माणसाकडे आहेत. आणि त्या माणसाला मनीषाजींचं नावही माहीत होतं."

अनुयानं मान वळवली. "तनया?"

"मूर्खपणा आहे हा!" तनया म्हणाली. "पाठीवरच्या थापांवरून माणसाला चोर ठरवणार?"

"नाही. क्लिप पाठवणारा नंबर कुणी घेतला, हे सायबर शाखा काढेलच. तक्रार करायला आम्ही इथूनच जाऊ शकतो. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं."

तनयाचा चेहरा आक्रसला. मग ती एकदम मराठीत फुटली.

"नोकरी सोडून तुझ्याबरोबर येईन म्हणाले होते ना गं मी? 'आपलं दुकान' म्हणायचीस तू! आणि मग एका दुपारी सहज सांगून मोकळी झालीस, मनीषाजींकडे काउंटर ठरलं. मनीषाजी अशा, मनीषाजी तशा. रोज तेच! डबा घशाखाली उतरेना माझा."

"मग मला बोलायचंस. भांडायचंस."

"भांडले असते तर तेही तू तुझ्या मनीषाजींनाच सांगितलं असतंस." तिनं नाक ओढलं. "सकाळी तू रडत पहिला फोन मला केलास. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू."

अमितानं नजर दुसरीकडे वळवली. असं बरं वाटणं तिच्या अगदी ओळखीचं होतं.

"आता काय करायचं ते तू ठरव," ती अनुयाला म्हणाली.

अनुयानं अभीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "ग्रुपवर बोल. तोंड दाखवून, स्वतःच्या नावानं. जे केलंस ते सगळं. नाहीतर मी ताईंबरोबर चौकीत जाते."

तनया बोलली. मनीषानं स्वतःच्या फोनवर तिचा व्हिडिओ घेतला आणि ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात फोन टिणटिणू लागला. कुणी माफी मागत होतं, कुणी तनयाला शिव्या देत होतं, एकजण तर टोपऱ्याचा भाव विचारत होती. मनीषानं कोपऱ्यातली पाटी सुलटी केली.

"कल ग्यारह बजे," ती अनुयाला म्हणाली. "पेड़े मेरी तरफ़ से।"

तनया पर्स उचलून दाराकडे निघाली. अनुयाच्या कडेवरचा अभी तिला जाताना बघून खुदकन हसला आणि नेहमीसारखे दोन्ही हात पसरून त्यानं तिच्याकडे झेप घेतली. तनयाचे हातही सवयीनं पुढे आले.

अनुयानं अभीला छातीशी ओढून धरलं. तो रडायला लागला. तनया ते पुढे आलेले हात कुठे ठेवावेत न कळून तशीच उभी राहिली आणि मग बाहेर पडली.

अनुया अभीला थोपटू लागली. तोंडातून मात्र तिच्या एक शब्द निघत नव्हता.