खुंटीवरचं करडं जॅकेट

सकाळी साडेआठला वकील सुनेत्राला बालगृहातून फोन आला. ईशिताने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

पंधरा वर्षांची ईशिता तिची अशील. तीन आठवड्यांपूर्वी ती आणि तिचा जुळा भाऊ नकुल इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या घरातून गेले आणि कॉव्हेंट्रीला सापडले. कोर्टाने नकुलला समज देऊन घरी पाठवलं. ईशिताला मात्र 'तिच्याच सुरक्षिततेसाठी' कुलूपबंद बालगृहात ठेवलं. वा रे न्याय! कारण काय, तर एक निनावी फोन: मुलगी मोठ्या वयाच्या माणसाबरोबर आहे, अंगात भावाचं करडं जॅकेट आहे. नकुल सांगत होता, ती मला परत न्यायला आली. कोर्टाला वाटलं, भाऊ पांघरूण घालतोय.

उद्या कोर्ट ही कोठडी आणखी तीन महिने वाढवणार होतं. आणि पोरगी तोंडच उघडत नव्हती.

तो माणूस कुणालाच सापडला नव्हता. मग फोन केला कुणी?

सुनेत्राने रेल्वे स्टेशनचं सीसीटीव्ही पुन्हा पाहिलं. ईशिता एकटीच धावत होती, अंगात शाळेचा ब्लेझर. मग तिने पोलिसांनी केलेली ईशिताच्या सामानाची यादी काढली. बॅगेत करडं जॅकेट, त्याच्या खिशात नकुलचा इन्हेलर.

तिने तडक बेसिंगस्टोक गाठलं. दार ईशिताच्या आईने उघडलं. पोलिसांनी परत केलेलं जॅकेट आता पॅसेजमधल्या खुंटीवर होतं.

"शिल्पाताई, आधी नकुल गेला ना?"

"हो. सकाळी ह्यांच्याशी वाजलं त्याचं, मार्कांवरून."

"पोलिसांना कळवलंत?"

"लगेच. दम्याचंही सांगितलं. म्हणाले, मुलगा आहे, भूक लागली की येईल."

"आणि ईशिता?"

"शाळेतून आली आणि तासाभरात तीही गायब."

"तेव्हा घरी कोण होतं?"

"मी एकटीच."

सुनेत्रा हळू आवाजात म्हणाली, "ईशिता पळालीच नव्हती, ताई. भाऊ इन्हेलर विसरला म्हणून ती जॅकेट बॅगेत कोंबून त्याच्यामागे गेली. ते तिच्या अंगात कुणीच पाहिलं नाही. तिने ते घातलंय, असं फक्त रिकामी खुंटी पाहणाऱ्यालाच वाटेल."

शिल्पाने खुंटीवरचं जॅकेट उतरवून छातीशी धरलं.

"पोलीस हलेनात हो! माझं दमेकरी पोर कुठे असेल, जीव नुसता तुटत होता. म्हटलं, नाव न सांगता फोनवर मुलीबद्दल काही वाईट सांगितलं की धावतील. धावलेच. दोन तासांत दोघं सापडले. पण तो डाग माझ्या पोरीला चिकटला. मग खरं सांगायला जीभ रेटेना." तिने सुनेत्राचा हात धरला. "तिला कळू देऊ नका."

"त्या फोनची नोंद असलेला पोलीस रिपोर्ट तिने वाचलाय, ताई. जॅकेटची ओळ वाचली आणि तेव्हापासून ती गप्प आहे. आईला पोलीस नेतील म्हणून."

शिल्पा बराच वेळ रडली. मग स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या डब्यात भरू लागली.

"आधी तिला जेवायला घालते," ती म्हणाली. "उद्या कोर्टात मीच बोलेन."